डब्यावरचे वॅट आणि फ्यूजचे अँपियर

अमरावतीहून नागपूरकडे जाताना तिवसा लागते. मोझरी व कौंडण्यपूर ही गावे याच तालुक्यातली. हजिऱ्याहून धुळे, जळगाव, अकोला, अमरावतीमार्गे कोलकात्याकडे जाणारा हा महामार्ग पूर्वी ६ क्रमांकाचा होता. २०१० साली नव्या क्रमवारीत तो ५३ झाला. रस्ता एवढा मोठा असला की त्याच्या काठाने पंक्चर, बॅटरी, वायरिंग, सीटकव्हर यांची दुकाने आपोआप उभी राहतात. या धंद्यांत आपले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत, हे सांगायला नको. हेडलाइटचा बल्ब बदलायला आलेले गिऱ्हाईक जाता जाता विचारते, "भाई, डिक्कीत बेस बसवून मिळेल का?" आणि मिस्त्री हो म्हणतो.

हो म्हणण्यात चूक काही नाही. काम चांगले आहे, मजुरीही बरी मिळते. पण या कामात अँप्लिफायर आणि सबवूफर यांची जोडी नीट जुळली नाही, तर आठ-पंधरा दिवसांत तेच गिऱ्हाईक जळक्या कॉइलचा वास घेऊन परत येते. मग कंपनी म्हणते फिटिंग चुकीची, दुकानदार म्हणतो कंपनी खराब, आणि भुर्दंड बसतो तो मिस्त्रीला. हा भुर्दंड टाळण्यासाठी लागणारे गणित सातवीच्या पोरालाही येईल इतके सोपे आहे. अडचण एवढीच की डब्यावर छापलेल्या आकड्याने गणित करायचे नसते.

एक जुनी खोड

ज्यांनी १९९० च्या दशकात टेपरेकॉर्डर विकले असतील त्यांना 'पीएमपीओ' हा शब्द आठवत असेल. हातात धरून नेता येईल अशा टू-इन-वनवर १००० वॅट पीएमपीओ छापलेले असे, आणि आतली आयसी दोन-पाच वॅटची असे. गिऱ्हाइकाला आकडा हवा होता, कारखानदाराने आकडा दिला. अमेरिकेतही हीच तऱ्हा होती. तेथील फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ साली नियम करावा लागला की घरगुती अँप्लिफायरची शक्ती ठरलेल्या पद्धतीने मोजूनच जाहीर करावी. गाडीतल्या अँप्लिफायरसाठी तेथील इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने २००३ साली 'सीईए-२००६' नावाचे मानक काढले. त्यात १४.४ व्होल्टवर, ४ ओहमच्या भारावर, १ टक्क्यापेक्षा जास्त आवाज न बिघडता जितके आरएमएस वॅट मिळतात तेवढेच सांगायचे, असे ठरले. पण हे मानक ऐच्छिक आहे. ज्याला पाळायचे तो पाळतो.

म्हणून पहिली सवय लावून घ्यावी ती ही: 'मॅक्स', 'पीक', 'म्युझिक पॉवर' या शब्दांपुढचा आकडा वाचायचाच नाही. आरएमएस किती, आणि ते किती ओहमवर, एवढेच पाहायचे. आरएमएस म्हणजे यंत्र सतत, न थांबता देऊ शकते किंवा सोसू शकते ती शक्ती. दुकानात सोन्याचे वजन करताना आपण डबीसकट करीत नाही, तसेच हे.

डेकवर ५०×४ लिहिलेले असते त्याचे काय

डेकच्या तोंडावर '५० वॅट × ४' असे ठळक लिहिलेले असते. आता हिशेब करून पाहू. गाडीचे इंजिन चालू असताना साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. डेकच्या आतल्या आयसीला स्पीकरच्या दोन्ही तारा उलटसुलट हलवून जास्तीत जास्त १४.४ व्होल्टचे शिखर गाठता येते. शिखराला १.४१ ने भागले की आरएमएस व्होल्ट येतात, म्हणजे सुमारे १०.२. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, हे शक्तीचे सूत्र. १०.२ चा वर्ग १०४, त्याला ४ ने भागले की २६ वॅट. आयसीत थोडे नुकसान होते ते वजा जाता १८ ते २० वॅट हाती राहतात. निसर्गनियमच असा आहे की साध्या डेकमधून ४ ओहमवर याहून स्वच्छ शक्ती निघत नाही, मग नाव कुठल्याही कंपनीचे असो.

सबवूफरला वेगळा अँप्लिफायर लागतो तो यामुळे. त्या अँप्लिफायरच्या आत ट्रान्सफॉर्मर असलेली पॉवर सप्लाय असते. ती १२ व्होल्ट वाढवून अधिक ३० व उणे ३०, किंवा त्याहून जास्त करते. व्होल्ट वाढले की वॅट वाढतात. पण शक्ती कुठूनतरी यावी लागते, आणि ती बॅटरीच्या तारेतून अँपियरच्या रूपाने येते. येथेच खोटा आकडा पकडता येतो.

अँप्लिफायरच्या कडेला लावलेला फ्यूज पाहा. समजा पेटीवर २००० वॅट लिहिले आहे आणि फ्यूज एकच, ३० अँपियरचा आहे. ३० ला १३.८ व्होल्टने गुणले की ४१४ वॅट होतात. एवढी शक्ती आत गेली. साध्या एबी क्लास अँप्लिफायरमध्ये त्यातली साठ टक्के बाहेर येते, बाकीची उष्णता होते. म्हणजे बाहेर सुमारे २५० वॅट. डी क्लास असेल तर ऐंशी टक्के धरा, म्हणजे ३३० वॅट. दोन हजार वॅटचा माल खरोखर किती वजनाचा आहे, ते कॅल्क्युलेटर न काढता कळले. घाऊक बाजारातून माल उचलताना डब्याचा रंग पाहण्याआधी फ्यूज पाहावा. काही वेळा फ्यूजही मोठा टाकून फसवणूक करतात. पण आतल्या मालाच्या मानाने फार मोठा फ्यूज टाकला तर बिघाड झाल्यावर यंत्रच जळते, म्हणून बहुतेक कारखानदार या एका जागी खरे बोलतात.

जोडी जुळवताना

समजा तिवस्याच्या चौकात एक बोलेरो येऊन उभी राहिली. मालक संत्र्याचा बागायतदार आहे. त्याने शहरातून बारा इंची सबवूफर आणला आहे. त्यावर '१२०० वॅट' मोठ्या अक्षरांत व '३०० वॅट आरएमएस, ४+४ ओहम' बारीक अक्षरांत लिहिले आहे. ४+४ म्हणजे एकाच कोनला दोन कॉइल आहेत, प्रत्येकी ४ ओहमच्या. बरोबर वर सांगितलेला दोन चॅनेलचा अँप्लिफायर आहे. त्याच्या कागदावर लिहिले आहे: ४ ओहमवर दोन्ही चॅनेल ७५ वॅट, आणि दोन्ही चॅनेल ब्रिज करून ४ ओहमवर २५० वॅट.

मालकाचे म्हणणे, जास्तीत जास्त आवाज पाहिजे. मिस्त्री विचार करतो, ओहम कमी म्हणजे वॅट जास्त. तो दोन्ही कॉइल पॅरलल करतो, २ ओहम होतात, आणि अँप्लिफायर ब्रिज करून त्याला लावतो. आवाज जोरदार येतो. मालक खूश. पण ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला निम्माच भार दिसतो, म्हणजे येथे १ ओहम. त्या अँप्लिफायरची सोय ब्रिजमध्ये ४ ओहमपर्यंतच आहे. पहिल्याच लांबच्या प्रवासात तो गरम होऊन बंद पडेल, किंवा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट होतील.

बरे, दोन्ही कॉइल सीरीजमध्ये जोडल्या तर ८ ओहम होतात. ब्रिजमध्ये ८ ओहमवर हा अँप्लिफायर दोन्ही चॅनेलची ४ ओहमवरची बेरीज देतो, म्हणजे १५० वॅट. प्रत्येक कॉइलला एकेक चॅनेल दिला तरी ७५ अधिक ७५, तेवढेच. जोडणी सुरक्षित आहे, पण २५० वॅटच्या अँप्लिफायरमधले शंभर वॅट पडून राहिले.

मग योग्य जोडी कोणती? याच अँप्लिफायरला २+२ ओहमचा सबवूफर घेतला असता, तर सीरीजमध्ये ४ ओहम झाले असते आणि पुरे २५० वॅट मिळाले असते. म्हणून अँप्लिफायर आधीच घेतलेला असेल तर सबवूफरचे ओहम त्याच्याकडे पाहून ठरवावेत, आणि सबवूफर आधी घेतला असेल तर अँप्लिफायर त्याच्या कॉइल पाहून घ्यावा. दोन वेगळ्या दुकानांतून दोन वेगळ्या दिवशी 'चांगला माल' आणला की असा घोळ होतो. गिऱ्हाईक खरेदीला जाण्याआधी मिस्त्रीला विचारील अशी ओळख ठेवावी. एका चिठ्ठीवर 'दोन अधिक दोन ओहम, तीनशे आरएमएस' एवढे लिहून दिले तरी पुरे.

आता दुसरी शक्यता. मालकाकडे ४+४ चाच सबवूफर आहे, पण अँप्लिफायर मोनो, डी क्लासचा आहे: ४ ओहमवर ३०० आणि २ ओहमवर ५०० वॅट. कॉइल पॅरलल केल्या की २ ओहम, आणि सबवूफरच्या ३०० वर ५०० वॅट. जास्त झाले का? कागदावर झाले. तरीही मी हीच जोडी पसंत करीन, कारण मोठा अँप्लिफायर कमी करून चालवता येतो. लहान अँप्लिफायर ओढून मोठा होत नाही. अट एकच की गेन मीटरने लावायचा.

गेन म्हणजे आवाजाचे बटण नव्हे

गेनचा स्क्रू हा डेककडून येणारा सिग्नल आणि अँप्लिफायर यांची गाठ घालण्यासाठी असतो. कोणाचा डेक २ व्होल्ट देतो, कोणाचा ४. स्क्रू पूर्ण फिरवला म्हणून वॅट वाढत नाहीत, फक्त डेकचे बटण थोडे फिरवताच अँप्लिफायरची हद्द संपते.

हद्द संपली की काय होते ते समजून घ्यावे. आवाजाची लाट डोंगरासारखी गोल असते. अँप्लिफायरकडे तेवढे व्होल्ट नसले की डोंगराचा माथा सपाट कापला जातो. आपण याला आवाज फाटणे म्हणतो. पूर्ण चौकोनी झालेल्या लाटेत तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट शक्ती असते. म्हणजे २५० चा अँप्लिफायर फाडून वाजवला तर तो ५०० कडे सरकू लागतो, आणि सारी उष्णता कॉइलमध्ये जाते. 'कमी वॅटच्या अँप्लिफायरने स्पीकर जळतो' असे बाजारात म्हणतात ते एवढ्यापुरतेच खरे आहे. ३०० वॅट सोसणाऱ्या सबवूफरला १५० वॅटचा अँप्लिफायर स्वच्छ वाजवला तर काहीही होत नाही, आवाज कमी येतो इतकेच. मालक कमी आवाजावर समाधान मानत नाही, बटण फिरवत जातो, आणि तेव्हा जळते.

मीटरने गेन लावायची रीत अशी. हवे ते वॅट गुणिले ओहम, आणि आलेल्या आकड्याचे वर्गमूळ, तेवढे व्होल्ट. ३०० वॅट, २ ओहम: ६०० चे वर्गमूळ साडेचोवीस. २५० वॅट, ४ ओहम: १००० चे वर्गमूळ ३१.६. सबवूफरच्या तारा काढून ठेवाव्यात. गेन अगदी कमी करावा. डेकचे बेस, ट्रेबल, लाउडनेस आणि अँप्लिफायरवरचा बेस बूस्ट शून्यावर आणावा. ५० हर्ट्‌झचा सलग सूर पेन ड्राइव्हवरून वाजवावा, डेकचे बटण तीन चतुर्थांश फिरवावे, इंजिन चालू ठेवावे. मीटर एसी व्होल्टवर ठेवून अँप्लिफायरच्या आउटपुटला लावावा आणि ठरलेले व्होल्ट येईपर्यंत स्क्रू हळूहळू फिरवावा. काम दहा मिनिटांचे आहे. ज्याच्याकडे घरगुती वायरिंगसाठी दीड-दोनशेचा मीटर आहे, त्याला नवे काही घ्यावे लागत नाही.

मालकाला मात्र आधी सांगून ठेवावे की डेकचे बटण त्या खुणेपलीकडे न्यायचे नाही, आणि बेस बूस्ट तर नाहीच. बूस्टचे बटण ६ डेसिबलने वाढवले की त्या सुराला चौपट वॅट लागतात.

डेसिबलची आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाशी बोलताना कामी येते. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. २५० आणि ३०० वॅट यांतला फरक एक डेसिबलही नाही; तो कोणालाही ऐकू येत नाही. तेवढ्यासाठी कोणी दोन हजार रुपये जास्त मागत असेल तर ते पैसे प्लायवूडच्या चांगल्या पेटीवर आणि तांब्याच्या तारेवर घालावेत.

तार

अर्ध्या तक्रारींचे मूळ तारेत असते. घराच्या वायरिंगमधून उरलेली २.५ स्क्वेअर एमएमची तार बॉनेटपासून डिक्कीपर्यंत पाच मीटर ओढली आणि तिच्यातून ३० अँपियर नेले, तर एका तारेतच एक व्होल्ट खाल्ला जातो. १० स्क्वेअर एमएमची तांब्याची तार घेतली तर पाव व्होल्ट जातो. स्वस्त अँप्लिफायरमध्ये व्होल्ट पडले की वॅट वर्गाच्या प्रमाणात पडतात: १४.४ चे १२.५ झाले की शंभरातले पंचाहत्तर उरतात. बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असलेली जाड, झगमगीत तार मिळते. टोक चाकूने खरवडले की पांढरे दिसते. ती वापरलीच तर मापाने दोन पायऱ्या जाड घ्यावी.

बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. हा फ्यूज अँप्लिफायरसाठी नसून तारेसाठी असतो. तार फायरवॉलच्या पत्र्याच्या भोकात घासून सोलली गेली आणि मध्ये फ्यूज नसला, तर बॅटरी सगळा जोर त्या जागी ओतते आणि गाडी पेट घेते. भोकाला रबरी ग्रोमेट दोन-चार रुपयांना येते. निगेटिव्हची तारही तेवढीच जाड, आणि पत्र्याचा रंग घासून काढून बोल्टने कसलेली असावी. सीटबेल्टचा बोल्ट त्यासाठी वापरू नये.

इंजिन बंद ठेवून वाजवणाऱ्यांना एक हिशेब दाखवावा. ३० अँपियरचा अँप्लिफायर गाण्यावर सरासरी दहा अँपियर तरी ओढतो. लहान गाडीची ३५ अँपियर-तासाची बॅटरी पावणेदोन तासांत अर्धी होते. लग्नाच्या मांडवाबाहेर वऱ्हाडाची वाट पाहत गाणी लावून बसलेल्या गाड्यांना नंतर धक्का मारावा लागतो, तो यामुळे.

ट्रकवाल्यांसाठी

महामार्गावरच्या मिस्त्रीकडे ट्रक फार येतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. अँप्लिफायर १२ व्होल्टचा. पुष्कळ ठिकाणी मधल्या जोडातून, म्हणजे एकाच बॅटरीवरून, १२ व्होल्ट काढून देतात. त्या दिवशी सर्व ठीक चालते. पण रोज एका बॅटरीतून जास्त प्रवाह जातो आणि चार्जिंग मात्र दोघींना मिळून एकच होते. एक बॅटरी उपाशी राहते, दुसरीला गरजेपेक्षा जास्त चार्ज मिळून तिचे पाणी उडते. काही महिन्यांत दोन्ही जातात आणि ड्रायव्हर बॅटरीवाल्याशी वॉरंटीवरून भांडतो. बॅटरीचे दुकान आणि वायरिंगचे दुकान एकाच गल्लीत, बऱ्याचदा एकाच घरातले असते, तेव्हा हा तोटा शेवटी घरातच येतो. उपाय म्हणजे २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर, अँप्लिफायरच्या फ्यूजइतक्या अँपियरचा. महाग पडत असेल तर ड्रायव्हरला २४ व्होल्टवर चालणारा लहान अँप्लिफायर सुचवावा. ट्रॅक्टर मात्र १२ व्होल्टचे असतात, त्यांना ही अडचण नाही.

वऱ्हाडचे ऊन

मे महिन्यात अकोला-अमरावतीकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि बंद गाडीच्या आत त्याहून किती तरी जास्त. अँप्लिफायर सीटखाली गालिच्यात गुंडाळून ठेवला तर त्याचे पंख हवेशिवाय राहतात. उभा, दोन बोटे मोकळी जागा सोडून बसवावा, आणि सबवूफरच्या पेटीवर स्क्रूने ठोकू नये. थरथरीने आतले सोल्डर सुटते. कॉइलचेही तसेच. तांबे तापले की त्याचा ओहम वाढतो. कॉइल २०० अंशांवर गेली की ४ ओहमची सुमारे पावणेसात होते, आणि अँप्लिफायरकडून कमी वॅट ओढू लागते. अर्ध्या तासाने बेस 'बसला' असे मालकाला वाटते, तो बटण वाढवतो, आणि कॉइल आणखी तापते.

पेटीविषयी एवढेच की बारा इंचीला बंद पेटी साधारण एक घनफूट, १८ मिलिमीटर प्लायची, कोपऱ्यांना गोंद आणि सिलिकॉन लावून हवा न सुटणारी करावी. भोकाच्या पेटीत बेस जास्त येतो, पण ठरलेल्या सुराखाली कोनला आधार राहत नाही. तेथे सबसॉनिक फिल्टर नसला तर वॅट हद्दीत असूनही कॉइल मागच्या पत्र्यावर आपटते. भोकाचे माप सुताराच्या अंदाजाने काढू नये. नेव्हिल थील यांनी १९६१ साली ऑस्ट्रेलियात आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात यासाठी जी मापे ठरवली, तीच आजही सबवूफरच्या कागदावर छापलेली असतात. पेटीचे माप कंपनीच्या कागदावरूनच घ्यावे.

कायद्याचीही बाजू आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र दहा ते सकाळी सहा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे. त्याप्रमाणे कंपनीच्या हमीखेरीज विक्रेत्याने स्वतः काही हमी दिली, ती खोटी ठरली आणि त्यामुळे गिऱ्हाइकाला इजा वा नुकसान झाले, तर विक्रेताही जबाबदार धरला जाऊ शकतो. 'बाराशे वॅट आरामात चालतील' हे वाक्य तोंडातून काढताना हे लक्षात असावे.

बिलावर चार गोष्टी लिहाव्यात: सबवूफरचे आरएमएस आणि ओहम, कॉइल सीरीज की पॅरलल, बॅटरीजवळ किती अँपियरचा फ्यूज टाकला, आणि गेन किती व्होल्टवर लावला. त्याखाली गिऱ्हाइकाची सही. गेनच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब टाकून ठेवावा, म्हणजे नंतर कोणी फिरवला तर दिसते. आणि आठ दिवसांनी गाडी एकदा परत बोलवावी. नव्या लगचे बोल्ट थरथरीने ढिले होतात, ते कसून द्यायला पाच मिनिटे लागतात.